फळांची ताटली सजवू या, पण त्यात प्राणी नकोत



मुलांना सुट्टी लागली, की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फळांचं प्राणिसंग्रहालय भरतं. केळ्याच्या देठाला चीर देऊन त्यात एक द्राक्ष अडकवलं, की झाला डॉल्फिन. किवीची अर्धी फोड म्हणजे पाठ आणि द्राक्षांचे तुकडे म्हणजे पाय, की झालं कासव. स्ट्रॉबेरीला बदामाच्या कापांचे कान आणि दोन काळे ठिपके लावले, की उंदीर. कलिंगडाचा शार्क, नासपतीचा साळिंदर, सफरचंदाचा हंस, यादी संपतच नाही. व्हिडिओ मिनिटाभराचा, साहित्य घरातलं, आणि एरवी फळाकडे ढुंकूनही न पाहणारं मूल आपणहून ओट्याशी येऊन उभं राहतं. कोणत्या आईला हे आवडणार नाही?

गेल्या काही महिन्यांत तीन-चार मैत्रिणींनी मला याबद्दल विचारलं. एकीच्या मुलाच्या बालवाडीत ‘फळांचा दिवस’ होता आणि प्रत्येक मुलानं फळांचा एक प्राणी करून आणायचा होता. दुसरीच्या सासूबाईंनी ताटलीतला ससा पाहिला आणि “हे आपल्यात चालत नाही” एवढंच म्हणून त्या देवघरात निघून गेल्या. का चालत नाही, ते कोणी सांगितलं नाही. सून नाराज, नात गोंधळलेली. म्हणून आज या विषयावर माझं मत सविस्तर लिहिते.

मत सरळ आहे. फळं सजवा. मुलांना सोबत घेऊन सजवा आणि हौसेनं सजवा. पण प्राण्यांचे, पक्ष्यांचे आकार करून, त्यांना डोळे लावून, मग ते कापून खायचे, हे आपल्या घरात नको. आणि नको म्हणताना ‘का’ हेही मुलांना सांगायला हवं. नुसतं “चालत नाही” म्हणून देवघरात जाणं पुरेसं नाही.

सजावटीला माझा विरोध नाही

काही जणींना वाटतं, धर्म पाळणाऱ्या घरात खाण्याचे हे लाड कशाला? रसनेचा संयम शिकवायचा आणि दुसरीकडे ताटलीत चित्रं काढायची? मला यात विरोध दिसत नाही. संयम मोठ्यांसाठी आहे. चार वर्षांच्या मुलाला आधी अन्नाशी नातं जोडू दे. ते ज्या फळाला हात लावतं, धुतं, सोलतं, मांडतं, ते फळ ते खातं. हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. शिवाय ताटली स्वतः लावलेली असली, की मूल पळत पळत, टीव्हीपुढे बसून खात नाही. बसून, बघून, चावून खातं. हाही संयमच आहे.

आपल्याकडे खाद्यपदार्थ सजवायची परंपरा जुनी आहे. लग्नातलं रुखवत आठवा. लाडवांचे मनोरे, करंज्यांची कमळं, सुपारी-बदामांच्या बाहुल्या, साखरेचे बंगले. संक्रांतीला हलव्याचे दागिने आणि नवरात्रात देवीपुढे टांगलेल्या कडाकण्या. हाताला कला आणि घराला सण, दोन्ही त्यातून मिळत होतं.

आणि आपल्या घरांत संध्याकाळच्या खाऊला वेगळंच महत्त्व आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मूल शाळेतून पाच-साडेपाचला येतं. ज्या घरात चौविहार पाळतात, तिथे हा खाऊ आणि जेवण यात फार तर अर्ध्या तासाचं अंतर. त्या घाईत मूल चिडचिडं झालं, तर त्याच्या मनात सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची आठवण चिडचिडीचीच राहील. तीच वेळ आनंदाची झाली, तर नियम ओझं वाटत नाही. म्हणून मी म्हणते, सजवा.

मग ससा का नको?

मुलं ससा कशी करतात, ते नीट पाहा. आधी नासपतीची अर्धी फोड पालथी ठेवली जाते. तोवर ते फळच असतं. मग कान येतात. मग मनुकेचे दोन डोळे येतात, आणि त्या क्षणी मुलाचा आवाज बदलतो. “आई, हा बघतोय माझ्याकडे!” लगेच त्याला नाव ठेवलं जातं. तो कुठे राहतो, काय खातो, सगळं ठरतं. पाच मिनिटांत त्या ताटलीत मुलाचा एक मित्र बसलेला असतो.

आणि मग आपण काय म्हणतो? “चल, आता खा पटकन. आधी कान खातोस की डोकं?”

एका वाढदिवसाला मी हे समोर बसून पाहिलंय. साडेचार वर्षांची मुलगी, तिनं स्वतः केलेला ससा, आणि ती काही केल्या त्याला हात लावू देईना. शेवटी कोणीतरी हसत हसत चाकूनं त्याचे दोन तुकडे केले. मुलगी ओक्साबोक्शी रडली. सगळे हसले, “अगं वेडे, नासपती आहे ते!” मला मात्र वाटलं, त्या खोलीत तेव्हा धर्म सगळ्यांत चांगला कोणाला कळला असेल, तर त्या रडणाऱ्या मुलीला. आपण मोठ्यांनी तिला त्या दिवशी शिकवलं, की कणव आली तर ती लपवायची, कारण लोक हसतात.

माझी हरकत इथे आहे. नासपतीला काही झालं नाही, हे मलाही कळतं. पण मुलाच्या मनात जे झालं, ते खोटं नव्हतं.

आपल्या धर्मात हिंसेचा विचार करताना द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असे दोन भाग सांगतात. बाहेर जीव गेला की नाही, हा एक भाग. मनात काय होतं, हा दुसरा. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्रमाद, म्हणजे मनाचा बेसावधपणा, हाच पाया धरला आहे. पाठशाळेत आपण हिंसेचे चार प्रकार शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वयंपाक करताना, झाडलोट करताना जे घडतं ते आरंभी. गृहस्थाला ते पूर्ण टाळता येत नाही, म्हणून जपून करायचं. पण ठरवून, मनात आणून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थानंही सोडायची. आता विचार करा. नासपती चिरणं हे आरंभी. पण ‘सशाचं डोकं खाणं’ हा मनातला संकल्प कुठे बसतो?

यशोधर राजाचा पिठाचा कोंबडा

ज्यांना ही गोष्ट माहीत आहे त्यांना मी काय म्हणते ते एव्हाना कळलं असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

उज्जयिनीचा राजा यशोधर. त्यानं आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगितलं. आई चंद्रमतीनं सांगितलं, देवीला पशूचा बळी दे, म्हणजे संकट टळेल. राजानं हिंसेला नकार दिला. आई हट्टाला पेटली. शेवटी मधला मार्ग निघाला: खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करायचा. आईचंही मन राहिलं, आणि जीवहत्याही नाही. राजानं पिठाचा कोंबडा देवीपुढे ठेवला आणि त्याच्यावर शस्त्र चालवलं. पुढे राणीनं दोघांना विष दिलं. आणि ती आई आणि तो मुलगा मोर, कुत्रा, मासा, बकरा, शेवटी कोंबडा अशा जन्मांतून फिरत राहिले. प्रत्येक जन्मात मारले गेले. ज्या घरात राज्य केलं, त्याच घरात प्राणी म्हणून दुःख भोगलं.

ही कथा जैन साहित्यात पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली संस्कृतात ‘यशस्तिलक’ लिहिलं. त्याच शतकात पुष्पदंतांनी अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ लिहिलं. १२०९ मध्ये कन्नडमध्ये जन्न कवींनी ‘यशोधर चरिते’ रचलं. इतक्या भाषांत, इतक्या आचार्यांना आणि कवींना ही गोष्ट सांगावीशी वाटली, कारण तिच्यातला प्रश्न साधा नाही. पीठ तर पीठच होतं. मग चूक कुठे झाली? चूक मनातल्या कोंबड्यावर शस्त्र चालवण्यात झाली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यशोधरानं बळी म्हणून कोंबडा मारला होता, आपलं मूल खाऊ म्हणून ससा खातं. दोन्ही अगदी सारखं आहे, असं मी म्हणणार नाही. ताटलीतला ससा खाल्ला म्हणून तुमच्या मुलाला पाप लागलं, अशी भीती कोणाला घालू नका. आणि ही जन्मांची कथा पाच वर्षांच्या मुलाला खाताना तर मुळीच सांगू नका. ही गोष्ट आपल्यासाठी आहे, आयांसाठी. आपल्या पूर्वजांनी मनातल्या आकाराला किती महत्त्व दिलं, ते कळावं म्हणून.

हे फक्त जैनांचंच आहे असं नाही

आपल्या महाराष्ट्रात नागपंचमीला अनेक घरांत त्या दिवशी विळी-चाकू हातात घेत नाहीत, तवाही चुलीवर ठेवत नाहीत. चिरणं नाही, भाजणं नाही. पुरणाचे दिंड उकडतात आणि तेच जेवण. का? नागाला इजा होईल, ही भावना. विळीखाली नाग नसतो हे त्या बाईला ठाऊक असतं. तरीही एक दिवस ती हात आवरते. घराघरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि त्यातून मुलांना जे कळलं ते पुस्तकातून कळलं नसतं.

गुजराती आणि मारवाडी जैन घरांत बायका भाजी ‘कापली’ असं म्हणायचं टाळतात. भाजी ‘समारली’, ‘सुधारली’ म्हणतात. हात तोच, विळी तीच. पण तोंडात कापाकापीचा शब्द नको, एवढी काळजी. ज्यांनी शब्दाचीही एवढी काळजी घेतली, त्यांच्या नाती-पणतींनी ताटलीत शार्क करून त्याचा जबडा तोडायचा, हे मला तरी जुळत नाही.

मैत्रिणींचे आक्षेप

पहिला आक्षेप: “अगं, नुसता खेळ आहे. मुलांना खरं-खोटं कळतं.” कळतं ना. पण मुलं खेळातूनच शिकतात, असं आपणच एरवी म्हणतो. बाहुलीला जेवू घातलं, झोपवलं, की मूल माया शिकतं, हे आपल्याला पटतं. मग त्याच वयात डोळे लावलेल्या सशाला चावून हसायचं, यातून काहीच शिकत नाही, असं कसं म्हणायचं? असं केलेलं मूल पुढे मांसाहारी होईल, असा दावा मी करत नाही. मन थोडं जाड होतं, एवढंच मी म्हणते. आणि ते थोडंही मला नको आहे.

दुसरा आक्षेप मुलांचाच असतो, आणि तो सगळ्यांत हुशार असतो: “आई, झाडालाही जीव असतो ना? मग फळ का खायचं?” हा प्रश्न आला तर खूश व्हा. खरं उत्तर द्या. हो, वनस्पती एकेंद्रिय जीव आहे. तिला स्पर्श कळतो. आपल्याला जगायला खावं लागतं, म्हणून जिथे कमीत कमी दुःख होईल तिथून घ्यायचं, लागेल तेवढंच घ्यायचं, आणि टाकायचं नाही. कंदमुळं आपण का टाळतो, तेही याच वेळी सांगता येतं. ससा, मासा, पक्षी हे पाच इंद्रियांचे. त्यांना आपल्यासारखंच दिसतं, ऐकू येतं, भीती वाटते. त्यांना खायची कल्पनाही आपण करत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं नीट कळतं.

तिसरा आक्षेप: “प्राणी केला नाही तर आमचा मुलगा फळ खातच नाही.” खाईल. त्याला प्राण्याची ओढ असते त्याहून जास्त स्वतः काहीतरी करण्याची असते. होडी करू द्या, पतंग करू द्या, बघा खातो की नाही.

चौथा आक्षेप शाळेचा: “सगळी मुलं प्राणी आणतात, आमचीच वेगळी पडते.” बाईंना आधी भेटून दोन वाक्यांत सांगा, “आमच्या घरी प्राण्याचा आकार करून खात नाही, ती बाग करून आणेल, चालेल ना?” बहुतेक शिक्षिका आनंदानं हो म्हणतात. आणि मूल वेगळं पडलं, तर पडू दे थोडं. डब्यात बटाटा नसतो, सहलीला संध्याकाळी ते सगळ्यांच्या आधी जेवतं, म्हणून ते एरवीही वेगळं पडतंच. ‘आपण वेगळे का’ याचं उत्तर त्याच्याकडे असलं, की त्याला लाज वाटत नाही. उत्तर नसलं, की वाटते.

एक मात्र पाळा. दुसऱ्याच्या घरी, वाढदिवसाला, मुलाच्या हातात हत्तीच्या आकाराचं बिस्किट आलं, तर ते चारचौघांत हिसकावून घेऊ नका. घरी आल्यावर शांतपणे बोला. अहिंसा शिकवताना मुलाचा अपमान करायचा, हे काही बरं नाही.

सोपा नियम आणि काही ताटल्या

मुलांना लांबलचक नियम लक्षात राहत नाहीत. म्हणून एकच सांगा: ज्याला डोळे लावले, त्याला चाकू लावायचा नाही. माणसाचा चेहरा असो, ससा असो की हसरा सूर्य असो, डोळे आले की तो खायचा नाही. सूर्य करायचाय? किरणं करा, डोळे नकोत.

आता काय करता येतं ते पाहू. फळं ऋतूप्रमाणे घ्या, आणि तुमच्या घरी स्ट्रॉबेरी, किवीसारखी बहुबीज फळं चालत नसतील तर ती सोडा. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

सूर्योदय: गव्हाच्या खाखऱ्यावर चक्का पसरा, खाली संत्र्याची अर्धी चकती, वर पपईच्या पातळ कापांची किरणं. खाखरा गव्हाचाच घ्या. बेसनाचा किंवा मूगडाळीच्या धिरड्यावर चक्का नको, द्विदल होतं.

होडी: केळं उभं चिरून होडी, त्यात सफरचंदाच्या पातळ फोडीचं शीड, खाली उभ्या चिरलेल्या द्राक्षांच्या लाटा.

पतंग: संक्रांतीच्या दिवसांत पोळीचा चौकोन करंजीच्या कातण्यानं कापून घ्या, वर तूप-गूळ, त्यावर पेरूच्या बिनबियांच्या कापांची नक्षी आणि डाळिंबाच्या दाण्यांची लांब शेपटी. कातणं मुलांच्या हातात निर्धास्त देता येतं.

रात्रीचं आकाश: सफरचंद उभं न कापता आडवं कापा. मधोमध बियांच्या घरांची पाच टोकांची चांदणी दिसते. मुलांना हे पहिल्यांदा दाखवाल तेव्हा त्यांचा चेहरा बघा! केळ्याच्या तिरक्या कापाचा चंद्र. ही चांदणी आपण केलेली नसते, ती फळात आधीपासून असते, हे मुलांना फार भावतं.

कमळ: मोसंबी किंवा संत्रं सोलून फोडी बुडाशी जोडलेल्या ठेवून अलगद उघडा. मधे चार डाळिंबाचे दाणे.

स्वप्नांची ताटली: महावीर जयंतीला त्रिशलामातेच्या स्वप्नांची गोष्ट सांगताना करा. दिगंबर परंपरेत सोळा स्वप्नं, श्वेतांबर परंपरेत चौदा. त्यातले चंद्र, सूर्य, समुद्र, रत्नांची रास, फुलांच्या माळा, कमळांचं सरोवर एवढं ताटलीत करता येतं. रत्नराशीला डाळिंबासारखं दुसरं काही नाही. हत्ती, बैल, सिंह ही स्वप्नं मुलांना कागदावर काढायला द्या आणि चित्र भिंतीवर लावा. कलश आणि स्वस्तिक ही मंगलचिन्हं, तीही कागदावर किंवा रांगोळीत. मुलांची प्राण्यांची हौस अशी पूर्ण होते आणि तो हत्ती वर्षभर घरात राहतो.

ज्यांच्या घरी अष्टमी-चतुर्दशीला हिरवं चालत नाही, त्यांनी त्या दिवशी खारीक, मनुका, काजू, बदाम, मखाणे घेऊन तोरण किंवा घर करावं.

करताना एवढं सांभाळा

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. उभे चार तुकडे करा. अख्खे बदाम-काजू, बोराच्या, जांभळाच्या बियाही लहानांपासून लांब. फळं जोडायला दात कोरायच्या काड्या वापरू नका, खाता खाता टोचतात. तीन वर्षांच्या मुलानं फळ धुवावं, केळं सोलावं. पाच वर्षांच्यानं बोथट सुरीनं केळं, पपई चिरावी. विळी आपल्याच हातात.

सफरचंद, पेअर काळं पडू नये म्हणून वाटीभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून त्यात फोडी दोन-तीन मिनिटं ठेवा. पण चिरलेली फळं फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी देऊ नका. लागतील तेवढीच चिरा. साच्यानं गोल-चौकोन कापले, की कडेचं बरंच उरतं. त्याचं लगेच शिकरण किंवा फळांची कोशिंबीर करा आणि मुलांसमोर करा.

बाजारातली सजावट घेताना हिरवा ठिपका पाहा आणि घटकही वाचा. मऊ मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. कार्माइन, म्हणजे आयएनएस १२०, हा लाल रंग कोचिनील नावाच्या कीटकापासून मिळतो. चांदीचा वर्ख पारंपरिक पद्धतीत जनावराच्या कातड्यात ठेवून कुटत असत. मधाऐवजी गुळाचा पाक घ्या. लाल रंगाला आमसुलाचं पाणी आणि डाळिंबाचा रस, पिवळ्याला केशर, एवढं आपल्याला पुरतं.

फळातला खरा जीव

शेवटचं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. फळ चिरण्याआधी मुलांना ते पाहायला शिकवा. पेरू, बोर, खजूर फोडून, उजेडात धरून पाहायचं. आपल्या आज्यांनी हे आपल्याला शिकवलं. कधी पेरूत एखादी इवलीशी अळी निघते. तेव्हा “शी!” करून ती फोड कचऱ्यात फेकू नका. मुलाला म्हणा, “ही हिचं घर होतं, आपण उघडलं. चल, हिला ठेवून येऊ.” ती फोड अळीसकट अलगद उचलून झाडाखाली सावलीत ठेवू दे. ते मूल दोन्ही हातांच्या ओंजळीत फोड धरून, जिना उतरताना श्वासही जपून घेतं. हे ज्या आईनं पाहिलं आहे, तिला मी आणखी काय समजावणार?

ज्या हातांनी त्यानं ती अळी झाडाखाली नेली, त्याच हातांत परत आल्यावर उंदीर आणि चाकू द्यायचा का? मुलाला दोन्ही गोष्टी आपणच शिकवणार असू, तर त्यानं कोणती खरी मानायची?

या रविवारी दुपारी मुलांना ओट्यापाशी बोलवा. एक सफरचंद आडवं चिरा आणि त्यातली चांदणी त्यांना शोधू द्या. पुढची ताटली कोणती करायची, ते त्यांनाच ठरवू द्या. केलीत की मला जरूर सांगा, आणि तुमच्या मुलांना सुचलेली नवी ताटली असेल तर तीही कळवा.

जय जिनेंद्र.